गाडी बंद पडली, बाहेर वादळी पाऊस आणि मागे लहान मुलं: कोणत्या क्रमाने काय करायचं

गाडी बंद पडली की हात आपोआप बॉनेटच्या खटक्याकडे जातो. चुकायला तिथूनच सुरुवात होते. मागच्या सीटवर लहान मुलं असतील आणि बाहेर पाऊस, धुकं किंवा कडाक्याची थंडी असेल, तर गाडीला काय झालंय हे बघायची पाळी बरीच नंतर येते. आधी बघायचं ते एवढंच, की मुलं आत्ता जिथे बसली आहेत तिथे ती सुरक्षित आहेत का.

हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहितो आहे. रात्रीची वेळ, मुसळधार पाऊस, गाडी दोन झटके देऊन थांबली. मी लगेच उतरलो, बॉनेट उघडलं आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये दहा मिनिटं इंजिनाकडे बघत उभा राहिलो. कळलं काहीच नाही. शर्ट मात्र पिळून काढावा इतका भिजला आणि मोबाइल ११ टक्क्यांवर आला. आत आलो तर सात महिन्यांचं बाळ रडत होतं, म्हणून त्याला तसंच छातीशी धरलं. पाच मिनिटांत त्याचं झबलं ओलं, दुपटं ओलं. कोरडे कपडे डिकीत, सुटकेसच्या तळाशी. रिफ्लेक्टरचा त्रिकोणही तिथेच, तीन बॅगांखाली. तोवर चार वर्षांची मोठी लेक बेल्ट काढून पुढच्या सीटवर येऊन बसली होती. यातलं एकही काम अवघड नव्हतं. क्रम उलटा झाला आणि सगळंच अवघड होऊन बसलं.

म्हणून पुढचं सगळं क्रमाने वाचा. जागा, दिसणं, आत की बाहेर, फोन, ऊब, आणि मग गाडी.

## १. निघण्याआधी: सामान कुठे ठेवलंय ते महत्त्वाचं

"गाडीत काय काय ठेवावं" याच्या याद्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. तरी ऐनवेळी हाताला काही लागत नाही, कारण सगळं डिकीत असतं. सामानाचे दोन भाग करा: बाहेर न उतरता हाताला लागलं पाहिजे ते, आणि डिकीत चालेल ते.

आतली पिशवी. पुढच्या सीटच्या मागे किंवा पायाशी एकच पिशवी, चेन लावता येईल अशी. तिच्यात प्रत्येक मुलाचा आतल्या कपड्यांपासून मोज्यांपर्यंत एक पूर्ण जोड, तोही घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत. एक जाड पांघरूण, टोप्या, डायपर, ओले टिश्यू, कचऱ्यासाठी दोन-तीन पिशव्या. कोरडा खाऊ आणि पाणी. बाळ पावडरच्या दुधावर असेल तर पावडर वेगळी आणि थर्मासमध्ये उकळलेलं गरम पाणी वेगळं. तयार केलेलं दूध फार वेळ टिकत नाही. शिवाय टॉर्च (मोबाइलचा धरू नका), पॉवर बँक आणि चार्जिंगची वायर. तुमच्यासाठीही एक कोरडा टी-शर्ट आणि टॉवेल ठेवा. सगळ्यात जास्त हीच गोष्ट विसरते. भिजलेल्या मोठ्या माणसाला बाळाला धरता येत नाही.

पॉवर बँक गाडीत कायमची ठेवू नका. उन्हात तापलेल्या गाडीत लिथियमच्या बॅटरीला धोका असतो. ती दर वेळी घरून घ्यायची.

आतच, पण ड्रायव्हरच्या हाताशी. चमकणारी जॅकेटं (मुलांच्या मापाचीही मिळतात), शिट्टी, आणि बेल्ट कापायची सुरी असलेला काच फोडण्याचा हातोडा. हातोडा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला तर गाडी कलंडल्यावर किंवा पाण्यात गेल्यावर तो सापडेलच असं नाही. ड्रायव्हरच्या सीटजवळ पक्का बसवा.

डिकीत. त्रिकोण, जंपर केबल, जॅक, पान्हा, स्टेपनी. पण त्रिकोण सगळ्या सामानाच्या वर, दाराला लागून. सामान भरून झालं की डिकी एकदा उघडून तो एका हाताने निघतो का बघा.

गाडीच्या तपासणीबद्दल थोडक्यात. खराब हवेत गाड्या बहुधा जुनी बॅटरी, झिजलेले टायर, फाटलेले वायपर आणि हवा गेलेली स्टेपनी यांमुळे अडकतात. इंजिन बंद करून काही तास झालेल्या चांगल्या बॅटरीचं माप साधारण १२.६ व्होल्ट येतं. १२ च्या आसपास आलं तर ती जवळजवळ रिकामी आहे. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजेतो चालते असं अनेक देशांचे नियम सांगतात, पण ओल्या रस्त्यावर तेवढी पुरत नाही. मुलांना घेऊन पावसाळी प्रवास असेल तर ३ मिलिमीटरला टायर बदला, असं माझं ठाम मत आहे. आणि स्टेपनीत हवा भरा. तिच्याकडे वर्षवर्ष कोणी बघत नाही.

आता घरच्या घरी करायच्या दोन तालमी.

पहिली तुमची. बॅटरी पूर्ण मेली तर रिमोटने दार उघडत नाही. रिमोटच्या आत बहुधा साधी किल्ली असते. ती काढून कुठल्या दाराला लागते ते एकदा करून बघा. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर ती दारं आतून उघडत नाहीत, बाहेरूनच उघडावी लागतात. काचा बटणाच्या असतील तर बॅटरीशिवाय खाली येत नाहीत. हे अंधारात, पावसात पहिल्यांदा कळायला नको.

दुसरी मुलांची. आमच्याकडे याला "पुतळा" म्हणतात. मी "पुतळा" म्हटलं की बेल्ट लावलेला राहणार, हात मांडीवर, आणि मी पुन्हा बोलेपर्यंत कोणी जागचं हलणार नाही. घराखाली उभ्या गाडीत चार-पाचदा खेळलात की पुरे. तीन वर्षांच्या मुलालाही जमतं.

तपासा: ड्रायव्हरच्या सीटवर बेल्ट लावून बसा. टॉर्च, मोबाइलची वायर आणि मुलाचा एक कोरडा जोड दार न उघडता हातात येतो का? नाही आला तर पिशवीची जागा बदला.

## २. पहिली दोन मिनिटं: गाडी कुठे उभी राहते

गाडी सहसा काहीतरी सांगून बंद पडते. झटके येतात, डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, स्टिअरिंग जड होतं, दिवे मंद होतात. लाल दिवा म्हणजे लवकरात लवकर सुरक्षित जागी थांबा. पिवळा दिवा म्हणजे बहुतेक वेळा सावकाश पुढच्या चांगल्या जागेपर्यंत जाता येतं. ही जी अर्धी-एक मिनिटाची उसंत मिळते, ती जागा शोधण्यात घालवा.

चारही इंडिकेटर लावा. वेग हळूहळू कमी करा, एकदम ब्रेक मारू नका. वळणावर, चढाच्या माथ्यालगत, पुलावर किंवा बोगद्यात थांबणं शक्यतो टाळा. पेट्रोल पंप, हॉटेलचं आवार, आतला रस्ता, काहीच नाही तर रस्त्याची रुंद कड. खोलगट जागी, नाल्याच्या काठी किंवा दरड येऊ शकेल अशा उताराखाली थांबू नका. वाऱ्यात मोठ्या झाडाखाली किंवा विजेच्या तारांखालीही नको.

पंक्चर असेल तर टायर वाचवायला वाईट जागी थांबू नका. रिम खराब झाली तरी चालेल, पण सावकाश सुरक्षित जागेपर्यंत न्या.

थांबल्यावर हँडब्रेक ओढा आणि चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवून ठेवा. मागून धक्का बसला तरी गाडी रहदारीत जाणार नाही.

सावधान: गाडी रस्त्याच्या मधोमध अडकली असेल आणि मुलं आत असतील तर एकट्याने ढकलायला उतरू नका. निसरड्या रस्त्यावर ढकलणारा पाय घसरून पडतो, आणि आत ब्रेक धरायला कोणी नसतं.

## ३. गाडी लांबून दिसली पाहिजे

चारही इंडिकेटर चालू राहू द्या. रात्री गाडीच्या आतला दिवाही लावा. धुक्यात हेडलाइट वर करून काही साधत नाही. धुक्यावर आपटून उजेड परत डोळ्यांत येतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: दाट धुक्यात तुम्ही रस्त्याच्या पूर्ण बाहेर उभे असाल तर हेडलाइट बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा आणि फक्त चारही इंडिकेटर चालू ठेवा. लाल दिवे दिसले की मागचा ड्रायव्हर "पुढे गाडी चालली आहे, म्हणजे रस्ता इकडेच" असं समजून सरळ तुमच्यावर येऊ शकतो.

त्रिकोण गाडीच्या मागे निदान ४५ ते ५० मीटरवर ठेवा, म्हणजे मोठ्या माणसाची साठ-पासष्ट पावलं. बहुतेक जण तो डिकीपासून पाच पावलांवर ठेवतात. भरधाव गाडीला तेवढ्या अंतरात थांबता येत नाही. जाताना जॅकेट घाला, त्रिकोण रहदारीकडे तोंड करून स्वतःच्या पुढे धरा, रस्त्याच्या अगदी कडेने चाला. वारा जोराचा असेल तर त्याच्या पायावर दगड ठेवा. रस्ता अतिवेगवान असेल आणि चालायला सुरक्षित कड नसेल तर त्रिकोणासाठी जाऊ नका. तुम्ही जाऊन परत येईपर्यंत मुलं एकटी असतात, हेही विसरू नका.

गाडीत दोन मोठी माणसं असतील तर एक जण मुलांपाशी, एक बाहेर. दोघं एकदम कधीच बाहेर नाहीत.

## ४. आत बसायचं की बाहेर पडायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. "गाडीतच थांबा" म्हणणारे बरोबर असतात आणि "गाडीतून बाहेर पडा" म्हणणारेही. कुठल्या वेळी कोणाचं ऐकायचं ते असं ठरवा.

लगेच बाहेर: धूर, जळका वास किंवा पेट्रोलचा वास, गाडी वाहत्या रस्त्याच्या लेनमध्ये अडकली आहे आणि शेजारी कठडा किंवा मोकळी जागा आहे, पाणी चढतंय, वरून दगड-माती घरंगळतेय. यात सामान, फोन, चपला कशासाठीही थांबायचं नाही. आधी मुलं. हवा कितीही वाईट असो, भिजलेलं मूल पुन्हा कोरडं करता येतं.

आतच: गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर आहे आणि वरच्यापैकी काही नाही. विजा चमकत असतील तर पत्र्याचं छत असलेली बंद गाडी उघड्यावरच्या कुठल्याही जागेपेक्षा बरी. काचा वर घ्या, धातूला हात लावू नका आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. बर्फात किंवा दाट धुक्यात मदत शोधत मुलांना घेऊन चालत निघू नका. बंद गाडी शोधणाऱ्याला सापडते, चालणारी माणसं सापडत नाहीत.

आत धोका आणि बाहेरही सुरक्षित जागा नाही: सगळ्यांचे बेल्ट लावलेले ठेवा, मूल चाइल्ड सीटमध्येच, डोकं टेकलेलं. हीच वेळ असते जेव्हा आई बाळाला मांडीवर घेते. नका घेऊ. मागून धक्का बसला तर हातात धरलेलं बाळ कोणालाही धरून ठेवता येत नाही.

बाहेर पडायचं ठरलं तर असं पडा. मोठ्या माणसाने आधी स्वतः रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरायचं. मग त्याच बाजूने, मागचं दार बाहेरून उघडून, सगळ्यात लहान मूल अंगावर घ्यायचं आणि मोठ्या मुलाचं मनगट धरायचं. बोटं नको, पावसात बोटं निसटतात. कठड्याच्या पलीकडे जा आणि गाडीपासून लांब, रहदारी ज्या दिशेने येते त्या बाजूला उभे राहा. गाडीच्या पुढे उभं राहिलात तर मागून ठोकर बसल्यावर गाडी तुमच्याच अंगावर येईल. कठड्यापलीकडे काय आहे ते मात्र पाय टाकण्याआधी टॉर्चने बघा. पुलावर तिथे काहीच नसतं.

तपासा: उभे राहिल्यावर मुलं मोजा, मोठ्याने, नावं घेऊन. घाबरलेली मुलं उलट्या दाराने उतरतात.

## ५. फोन: काय सांगायचं

आता फोन. रस्त्यात अडकला असाल, पाणी वाढत असेल किंवा कोणाला लागलं असेल तर आधी आपत्कालीन क्रमांक, मेकॅनिक नंतर. बहुतेक मोबाइलवरून ११२ लावला की फोन त्या त्या ठिकाणच्या आपत्कालीन सेवेकडे वळतो, तरी ज्या भागात जाताय तिथला क्रमांक आधी जपून ठेवा.

बोलण्याआधी दहा सेकंद घ्या आणि हे ठरवा: रस्त्याचं नाव, कुठून कुठे चालला होतात (दिशा सांगितली नाही तर मदत पलीकडच्या बाजूला पोचते आणि मैलभर पुढून वळून येते), शेवटचा दिसलेला मैलाचा दगड किंवा फलक, नकाशाच्या ॲपवरचे अक्षांश-रेखांश. मग गाडीचा रंग आणि नंबर. आणि न चुकता: "सोबत दोन लहान मुलं आहेत, एक सात महिन्यांचं." हे वाक्य बहुतेक जण शेवटी सांगतात किंवा सांगतच नाहीत. ते दुसरं वाक्य असलं पाहिजे. टोइंगवाल्याला हेही विचारा, की ट्रकमध्ये मुलांसह सगळे मावतील का. बऱ्याच ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी दोनच जागा असतात.

रेंज कमी असेल तर मेसेज पाठवा. बोलणं होत नाही तिथून मेसेज जाऊ शकतो. घरच्या एकाच माणसाला जागा कळवा आणि पुढचे फोन त्यालाच करायला सांगा.

सावधान: रडणाऱ्या मुलाला गप्प करायला तोच मोबाइल हातात देऊ नका. दोन कार्टूनमध्ये बॅटरी खाली येते आणि मदत घेऊन येणाऱ्याचा फोन कट होतो. दुसरा मोबाइल असला तर गोष्ट वेगळी.

## ६. मुलांना कोरडं आणि ऊबदार ठेवायचं, उन्हात थंड

ओले कपडे अंगातली ऊब भराभर ओढून घेतात. म्हणून आधी कोरडं, मग पांघरूण. ओल्या कपड्यावर कितीही पांघरुणं घातली तरी उपयोग थोडाच. तुम्ही भिजला असाल तर आधी स्वतः शर्ट बदला आणि मगच मुलाला घ्या.

चाइल्ड सीटमध्ये जाड जॅकेट घालून बेल्ट लावायची चूक घराघरांत होते. जॅकेटच्या फुगीरपणामुळे पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की कापूस दबतो आणि पट्टा सैल पडतो. पातळ कपड्यांवर पट्टा लावा, खांद्यापाशी चिमटीत धरता येणार नाही इतका घट्ट, आणि त्यावरून पांघरूण, तेही छातीपर्यंतच. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर काहीही येता कामा नये.

तान्ह्या बाळांना मोठ्यांसारखं कुडकुडता येत नाही. त्यामुळे बाळ कुडकुडत नाही म्हणजे त्याला थंडी नाही, असं धरू नका. हात-पाय थंड लागतातच. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून बघा. तिथेही गार लागत असेल, बाळ नेहमीपेक्षा फार शांत, मलूल असेल, दूध ओढत नसेल, तर ते आजारपणाचं लक्षण समजा आणि पुन्हा आपत्कालीन फोन करा. गाडी सुरक्षित जागी असेल तर अशा बाळाला कोरड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घेऊन बसा.

आता हीटर. इंजिन चालू होत असेल तर ऊब घेता येते, पण ते चालू करण्याआधी दर वेळी उतरून सायलेन्सरचं तोंड बघा. बर्फ, चिखल किंवा पाण्याने ते बुजलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, पेंग येणं ही त्याची लक्षणं, आणि ती लहान मुलांत आधी दिसतात. रात्री मुलं "शांत झोपली" असं वाटू शकतं. बर्फात अडकला असाल तर तासातून दहा मिनिटं इंजिन चालवा, वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. बंद गाडीत शेगडी किंवा कोळसा पेटवणं कधीच नाही.

उन्हाळ्यात उलटी गोष्ट. बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान दहाएक अंशांनी वाढू शकतं आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. एसी बंद पडलेल्या गाडीत मुलांना बसवून ठेवू नका. कठड्यापलीकडे सावली शोधा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा. पाणी घोट-घोट द्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी देऊ नका, दूधच जास्त वेळा द्या.

काचांवर वाफ धरली तर मागून येणारी गाडी दिसत नाही. इंजिन चालू असेल तर एसी लावा आणि बाहेरची हवा आत घेणारा खटका दाबा. नाहीतर समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली करा.

अंधारात खायला देताना दाणे, कडक गोळ्या, द्राक्षं नकोत. घशात अडकलं तरी दिसणार नाही.

मुलांशी खोटं बोलू नका. "काही झालं नाही" हे त्यांना तुमच्या आवाजावरूनच खोटं कळतं. "गाडी बिघडली आहे. एक काका ट्रक घेऊन येणार आहेत. तोवर आपण इथे थांबणार." तीन वाक्यं पुरतात. मोठ्या मुलाला एक काम द्या: टॉर्च धरणं, किंवा येणाऱ्या गाड्यांमध्ये पिवळा दिवा शोधणं.

## ७. आता गाडी

आता बॉनेट. तेही पाऊस थोडा कमी झाला असेल, जागा सुरक्षित असेल आणि दुसरं मोठं माणूस मुलांपाशी असेल तरच. एकटे असाल आणि मुलं लहान असतील, तर मदतीची वाट बघणं हेच बरोबर, असं मी म्हणेन.

सेल्फ मारून बघणं. एका वेळी पाच-सात सेकंद, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबून, दोन-तीनदा. पाणी साचलेल्या रस्त्यातून येताना गाडी बंद पडली असेल तर एकदाही मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दबत नाही. सेल्फ मारताच आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि किरकोळ खर्चाचं काम इंजिन खोलण्यापर्यंत जातं.

बॅटरी उतरली. फक्त टकटक आवाज, दिवे मंद. जंपर केबलचा क्रम बदलू नका: लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला, काळा चांगल्या बॅटरीच्या उणेला, आणि काळ्याचं शेवटचं टोक तुमच्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. तिथे ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून लांब. काढताना बरोबर उलटा क्रम. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गोठलेली असेल तर हात लावू नका.

इंजिन तापलं. रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली, उकळीच्या वर असतं आणि फवाऱ्यासारखं तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबा. गाडी थांबवायला जागा मिळेपर्यंत एसी बंद, हीटर पूर्ण चालू. उकाडा सोसावा लागतो, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडते.

पंक्चर. वेगवान रस्त्यावर, रहदारीच्या बाजूचं चाक, सोबत लहान मुलं: स्वतः बदलू नका. जागा चांगली असेल तरच, आणि मुलं गाडीबाहेर, दुसऱ्या मोठ्या माणसासोबत. जॅकवर चढवलेल्या गाडीत मूल कधीही नाही. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. पावसात जमीन मऊ असते, जॅक रुततो. खाली जाड फळी द्या. घट्ट करताना समोरासमोरचे नट. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा, बहुधा ताशी ८० किलोमीटर.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॉनेटखालच्या नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. आत बसून थांबायचं असेल तर पूर्ण हीटरपेक्षा सीट गरम करणारी सोय वापरा, चार्ज जास्त पुरतो.

## ८. पाणी चढत असेल तर: इथे क्रम वेगळा

साधारण १५ सेंटिमीटर पाणी बऱ्याच गाड्यांच्या तळाला लागतं आणि गाडीवरचा ताबा जाऊ शकतो. ३० सेंटिमीटरमध्ये अनेक गाड्या तरंगू लागतात. ६० सेंटिमीटर वाहतं पाणी मोठ्या गाड्याही ओढून नेतं. पुढची गाडी गेली म्हणून आपलीही जाईल, हा हिशेब मुलं मागे असताना करू नका. वळा.

तरी अडकलात आणि पाणी चढतंय, तर फोन नंतर. बेल्ट सोडा, काचा खाली घ्या, बाहेर पडा. दार उघडत बसू नका. बाहेरच्या पाण्याचा दाब दार धरून ठेवतो आणि उघडलंच तर पाणी एकदम आत येतं. पाणी काचेपर्यंत चढण्याआधीचं पहिलं मिनिट हेच हातातलं मिनिट. काच खाली येत नसेल तर हातोड्याने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारा. पुढची काच दोन थरांची, चिकटवलेली असते, ती फुटून पडत नाही. काही नव्या गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच असतात. काच कोणत्या प्रकारची आहे ते सांगणारी कोपऱ्यातली बारीक छापील खूण आजच बघून ठेवा.

मुलांपैकी मोठं आधी खिडकीतून छपराकडे, मग लहान, मग तुम्ही. मोठं मूल बाहेर काहीतरी धरून राहू शकतं. लहान तुमच्या अंगावरच राहिलं पाहिजे.

## ९. मदत आल्यावर

घाईत इथेही चुका होतात. कोणी थांबलं तर काच दोन बोटं खाली करून बोला, आणि तुम्ही बोलावलेला माणूस असेल तर त्यालाच तुमचं नाव आणि गाडीचा नंबर सांगू द्या.

ओढून नेल्या जाणाऱ्या किंवा ट्रकवर चढवलेल्या गाडीत कोणीही बसायचं नाही, मुलं तर नाहीच. गाडी बांधण्याआधी चाइल्ड सीट, आतली पिशवी, बाळाचं दूध, औषधं आणि घराची किल्ली काढून घ्या. एकदा गाडी वर चढली की चाइल्ड सीट काढणं जिकिरीचं होतं, आणि मग घरापर्यंत बाळाला मांडीवर न्यायची वेळ येते. सीट ज्या गाडीत बसवाल तिथे ती हलवून बघा. पट्टा जिथून जातो तिथे इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. त्रिकोण उचलायला शेवटी, मुलं दुसऱ्या गाडीत बेल्ट लावून बसल्यावर जा.

घरी पोचल्यावर आतली पिशवी दुसऱ्याच दिवशी पुन्हा भरा, जे जे वापरलं गेलं ते सगळं: डायपर, पाणी, कोरडा टॉवेल. पावसात भिजलेल्या चाइल्ड सीटचे पट्टे सावलीत वाळवा. पुराच्या पाण्यात बुडालेली सीट मात्र पुन्हा वापरू नका. आणि पिशवीतला कपड्यांचा जोड दर तीन महिन्यांनी मुलाच्या अंगाला लावून बघा. आमच्या पिशवीत आत्ता सापडलेले मोजे लेकीच्या अर्ध्या पावलापर्यंतच येतात.